‘स्पाइस’, ‘के-टू’: गांजासारखे म्हणून विकले जाणारे रसायन

‘स्पाइस’ किंवा ‘के-टू’ या नावाच्या पाकिटात वाळलेला पाला असतो. वर ‘हर्बल’ असे लिहिलेले असते. मात्र नशा त्या पाल्यात नसते. प्रयोगशाळेत तयार केलेले रसायन अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकात विरघळवून पाल्यावर फवारतात. या रसायनांना सिंथेटिक कॅनाबिनॉइड म्हणतात. फवारा सगळीकडे सारखा बसत नाही. त्यामुळे एका चिमटीने फारसे काही होत नाही आणि त्याच पाकिटातल्या दुसऱ्या चिमटीने माणूस बेशुद्ध पडू शकतो. ‘मागच्या वेळी काही झालं नव्हतं’ याला म्हणूनच काही अर्थ नाही.

अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जॉन हफमन यांनी अशी अनेक संयुगे निव्वळ संशोधनासाठी बनवली होती. त्यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेले जेडब्ल्यूएच-०१८ हे २००८ मध्ये युरोपात ‘स्पाइस’मध्ये सापडले. एकावर बंदी आली की रेणूत थोडा बदल करून दुसरे बाजारात येते.

गांजापेक्षा वेगळे काय?

गांजातील टीएचसी मेंदूतील सीबी-१ रिसेप्टरला अर्धवट चालना देते. ही रसायने तोच रिसेप्टर पूर्ण ताकदीने चालू करतात. म्हणून छातीत धडधड, उलट्या, प्रचंड घबराट, भास, आक्रमकपणा, झटके आणि कधी मूत्रपिंड अचानक निकामी होणे, असे प्रकार दिसतात. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एकाच दिवशी ३३ जण शून्यात बघत, कण्हत रस्त्यावर आढळले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘झॉम्बी’ म्हटले. (रुग्णांना असे नाव ठेवणे मला पटत नाही.)

भेसळ हा आणखी एक धोका. २०१८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात अशा मालात उंदीर मारण्याचे औषध ब्रोडिफॅकम निघाले. दीडशेहून अधिक लोकांना नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून रक्तस्राव झाला. काही दगावले. वाचलेल्यांना पुढे दीर्घकाळ व्हिटॅमिन के घ्यावे लागले.

हे द्रव व्हेपमध्येही भरतात. ब्रिटनमधील शाळांत जप्त केलेले व्हेप बाथ विद्यापीठाने तपासले, तेव्हा साधारण सहापैकी एकात ‘स्पाइस’ निघाले. मुले किंवा नातवंडे तिकडे शिकत असतील तर हे त्यांच्या कानावर घाला.

तपासणी आणि उपचार

गांजासाठीची नेहमीची लघवीची तपासणी ही रसायने पकडत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून मुलाने काही घेतलेच नाही, असे समजू नका. आणि याला उतारा नाही. झटके व अस्वस्थता शांत करणारी औषधे, सलाईन आणि हृदयावर लक्ष, हाच उपचार.

बेशुद्धी, झटके, छातीत दुखणे किंवा रक्तस्राव दिसल्यास १०८ वर फोन करा. रुग्ण बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवून ठेवा. तोंडात पाणी, लिंबू, दही काहीही घालू नका. पाकीट किंवा व्हेप सापडल्यास सोबत आणा आणि काय घेतले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लोक काय म्हणतील या भीतीने ‘काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल’ असे सांगणारे नातेवाईक बरेच असतात, आणि त्यात उपचाराचा मोलाचा वेळ जातो.

रोज घेणाऱ्याने अचानक बंद केल्यास झोप उडणे, घाम, मळमळ, चिडचिड, क्वचित झटकेही येतात. त्यामुळे घरात कोंडून ‘सोडवू’ नका. मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच बंद करा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.