लघुजनांचे रूप : भूमिकाखेळातील हाफलिंग आणि मामल्लपुरमचे गण

अद्भुतरसप्रधान भूमिकाखेळांत खेळाडू आपल्या पात्राचा वंश निवडतो. त्यांपैकी ‘हाफलिंग’ हा चपळ, ठेंगणा वंश तौलनिक अभ्यासकाने लक्ष द्यावे असा आहे. 1974 साली गायगॅक्स व आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये तो टोल्किनच्या 1937 च्या कादंबरीतील ‘हॉबिट’ याच नावाने आला; हक्कधारकांच्या आक्षेपानंतर नाव बदलले. 2014 च्या नियमांत या पात्राला चापल्याचे दोन गुण अधिक मिळतात, थोराड प्राण्याच्या जागेतून निसटता येते आणि वीस बाजूंच्या फाशावर एक पडल्यास तो पुन्हा टाकता येतो. कादंबरीतील स्वभावविशेष येथे नियम झाला आहे. जे एका व्यक्तीने कमावले, ते साऱ्या वंशाला जन्मतः बहाल होते.

याच्याशी ताडून पाहण्याजोगे शिल्प चेन्नईच्या दक्षिणेस मामल्लपुरम येथे आहे. तेथील पल्लवकालीन महिषमर्दिनी मंडपात सिंहारूढ देवीभोवती ढाल-तलवार घेतलेले खुजे गण आहेत. समोरचे असुर मात्र पूर्ण मानवी उंचीचे. ठेंगणेपण येथेही युद्धास अडसर ठरत नाही. तथापि हे गण समूहानेच लढतात, त्यांतील कोणालाही स्वतंत्र कथा नाही. जवळच्याच वराहमंडपात त्रिविक्रमाचा पट आहे. वामनाचे लहानपण हे तात्पुरते रूप होय. त्याचे सामर्थ्य लहानपण टाकून देण्यात आहे. हाफलिंग मात्र लहान राहूनच जिंकतो.

आदिपर्वातील वालखिल्य या कल्पनेच्या अधिक निकट येतात. कश्यपाच्या यज्ञासाठी अंगुष्ठमात्र ऋषी मिळून पळसाची एक काडी वाहून नेत असता गाईच्या खुराएवढ्या पाण्यात गटांगळ्या खातात. इंद्र हसतो. त्या उपहासाला उत्तर म्हणून ते दुसरा इंद्र निर्माण करू पाहतात आणि कश्यपाच्या मध्यस्थीने पक्ष्यांचा इंद्र गरुड जन्मास येतो. त्यांचे बळ तपाचे आहे, चापल्याचे नव्हे.

या भेदाचा प्रत्यक्ष परिणाम भाषांतरावर होतो. ‘अर्धमानव’ म्हटल्यास संकराचा भास होतो. ‘बुटका’, ‘ठेंगू’ हे शब्द बुटक्या बांध्याच्या हयात माणसांना टोचणारे आहेत. ‘वामन’ हा शब्द मराठीत निष्पाप उरलेला नाही. महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’नंतर (1873) वामन हा बळीचे राज्य हिरावणारा आक्रमक ठरतो आणि मराठी शेतकऱ्याची सहानुभूती बळीकडेच असते. टोल्किनच्या साध्यासुध्या ग्रामस्थाला ते नाव देणे म्हणजे वाचकाला नकळत विरुद्ध बाजूस उभे करणे होय.

‘रेस’ या संज्ञेचेही तसेच. 2024 च्या नियमपुस्तकाने ती सोडून ‘स्पीशीज’ स्वीकारली. जन्मावरून गुणदोष ठरविणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला निराळे सांगावे लागत नाही. ‘जात’ हा शब्द येथे कोणी तटस्थपणे योजू शकणार नाही.

म्हणून ‘लघुजन’ ही संज्ञा त्यातल्या त्यात निर्दोष वाटते. तिच्यात पुराणाचा नाद नाही, ही तिची उणीव खरी. परंतु उपहासही नाही. इंद्राच्या हसण्याची कथा आठवता हा लाभ लहान म्हणता येणार नाही.