टाळेबंदीत आठवडे थांबत नाहीत

2020 च्या टाळेबंदीत मोतीबिंदूपासून दातांपर्यंतची कितीतरी कामं लोकांनी पुढे ढकलली. जनुकीय समुपदेशनही त्यातलंच, असा समज होता. आजार पिढ्यान् पिढ्या घरात आहे, मग चार महिन्यांनी असं काय बिघडणार?

बिघडतं, आणि फार बिघडतं. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता 25 टक्के असते. वारेचा अंश काढून होणारी तपासणी साधारण 11 ते 13 आठवड्यांत करतात, गर्भजलाची साधारण 16 नंतर. गर्भपाताची कायदेशीर मर्यादा तेव्हा 20 आठवड्यांची होती. ती वाढवणारी दुरुस्ती 2021 मध्ये आली. म्हणजे समुपदेशन महिनाभर लांबलं, तर जोडप्याच्या हातून निर्णयच निसटू शकत होता.

दुसरा गैरसमज फोनचा. फोनवरचं समुपदेशन म्हणजे नाइलाजाची तडजोड, असं अनेकांना वाटलं. पण 2014 मध्येच अमेरिकेत 669 महिलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. विषय होता स्तन आणि बीजांडकोशाच्या आनुवंशिक कर्करोगाचा. फोनवर सल्ला घेतलेल्या महिलांची समज समोरासमोर सल्ला घेतलेल्यांपेक्षा कमी पडली नाही, मनावरचा ताणही जास्त आढळला नाही. जनुकीय चाचणी करून घेणाऱ्या मात्र त्यांच्यात थोड्या कमी निघाल्या. भारतात टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना 25 मार्च 2020 रोजी आल्या, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी.

फोनचा एक फायदा अगदी घरगुती आहे. समुपदेशक तीन पिढ्यांची वंशावळ काढतो: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. ओपीडीत “आठवत नाही” म्हणून रिकामी राहणारी जागा घरबसल्या भरते, कारण “थांबा, आत्याला विचारते” म्हणता येतं. पण हीच आत्या शेजारी बसून सगळं ऐकत असेल, तर सून मन मोकळं करत नाही. म्हणून “आत्ता एकट्या आहात ना?” हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा.

शिकाऊ समुपदेशकांचं शिक्षण थांबलं, हेही खरं नाही. अमेरिकेत पदवीसाठी किमान 50 केसेसमध्ये प्रत्यक्ष सहभाग लागतो. रुग्णालयात प्रवेश बंद झाल्यावर विद्यार्थी व्हिडिओ कॉलवरच्या भेटींत बसले, रुग्णाची भूमिका करणाऱ्यांबरोबर सराव करू लागले. पडद्यावरची शांतता ओळखायला शिकणं, हे त्यांच्यासाठी नवं कौशल्य होतं.

सर्वांत घातक अफवा मात्र एप्रिल 2020 मधली: गर्भाच्या तपासण्यांवर लक्ष ठेवणारा गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा स्थगित झाला! केंद्र सरकारने तपासणी केंद्रांच्या नोंदणीचं नूतनीकरण आणि अहवाल पाठवणं यांच्या मुदती 30 जूनपर्यंत वाढवल्या होत्या, एवढंच. कायदा स्थगित नाही आणि नोंदी ठेवणं बंधनकारकच आहे, हे आरोग्य मंत्रालयाला जाहीरपणे सांगावं लागलं.

थॅलेसेमियाची वाहक-चाचणी साध्या रक्ततपासणीने होते. ती लग्नाआधी करा. राहून गेली असेल, तर गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत मागून घ्या. अहवाल फोनवरही समजून घेता येईल.