जपानला जाताय? आधी हे वाचा

टोकियोत उतरल्यावर पहिल्याच दिवशी एक प्रश्न हमखास पडतो: हातातला रिकामा कप टाकायचा कुठे? रस्ते लख्ख, पण कचराकुंडी कुठेच दिसत नाही. त्याचं कारण असं: 20 मार्च 1995 रोजी ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला. असं काही कुणी कुंडीत दडवू नये, म्हणून स्थानकांवरच्या आणि रस्त्यांवरच्या बहुतेक कुंड्या हटवल्या गेल्या. ज्याचा कचरा त्याने घरी न्यायचा, हे तिथे आता अंगवळणी पडलं आहे. म्हणून पाठपिशवीत एक रिकामी पिशवी ठेवाच. पेयांच्या यंत्राशेजारी गोल तोंडाचा डबा दिसेल, पण तो फक्त बाटल्या आणि कॅनसाठी असतो. त्यात वेष्टनं कोंबली की सगळा माल पुनर्वापराला निकामी होतो. भाड्याच्या घरात उतरलात, तर बाटलीचं झाकण काढा, कागद सोला, बाटली विसळा आणि मगच वेगळी ठेवा.

रेल्वेत फोन मूक ठेवा, डब्यात बोलणं टाळा आणि पाठपिशवी पुढे घ्या. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे. टीप ठेवू नका; वेटर ती परत द्यायला मागे धावत येईल. दुकानात पैसे हातात न देता गल्ल्यावरच्या छोट्या तबकात ठेवा.

चपला दाराबाहेर काढायची सवय आपल्याला आहेच, पण तिथे पुढचे टप्पे आहेत. आत सपाता मिळतात, तातामीच्या चटईवर मात्र त्याही काढायच्या. शौचालयाच्या सपाता वेगळ्या असतात आणि नवखी माणसं नेमकी त्याच घालून जेवणघरात येतात.

गरम पाण्याच्या सार्वजनिक कुंडाबद्दल आपल्याकडे संकोच फार. कुंड बायका-पुरुषांचं वेगळं असतं, पण अंगावर कपडा चालत नाही, पोहण्याचा पोशाखही नाही. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग घासायचं, फेसाचा थेंबही न ठेवता धुवायचं, केस वर बांधायचे आणि मग सावकाश पाण्यात उतरायचं. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. कुंडाचं पाणी सगळ्यांचं असतं. जपानी घरातही एकाच टबात घरातली माणसं पाळीपाळीने उतरतात, कारण अंग बाहेरच धुऊन झालेलं असतं. टब डुंबण्यासाठी असतो. गोंदण असेल तर आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी ते चालत नाही.

शाकाहारी मंडळींची खरी कसोटी ताटात लागते. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, अगदी उकडलेल्या भाज्याही बहुधा दाशी नावाच्या मूळ रश्शात शिजतात आणि दाशीत सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीस असतो. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मासा आणि दाशीही नको, हे जपानीत लिहिलेला कागद जवळ बाळगा.

एक रात्र तरी कोयासानवर काढा, असं मी आग्रहाने सांगेन. कूकाई या भिक्खूने नवव्या शतकात वसवलेलं हे डोंगरावरचं बौद्धक्षेत्र. इथल्या मठांत पाहुण्यांना राहता येतं आणि तिथलं शोजिन हे शाकाहारी जेवण कांदा-लसणाशिवाय असतं. दाशी कोम्बू या समुद्री शैवालाची आणि शिताके अळंबीची. तिळाचा मऊ तोफू, गोठवून वाळवलेला कोया-तोफू, लोणची, भात. तातामी, सपाता आणि स्नानाचे सगळे नियम तिथे एकाच छताखाली अंगवळणी पडतात. पहाटेच्या प्रार्थनेला पाहुण्यांनाही बसता येतं. इथल्या कोयासान विद्यापीठात 2015 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही उभा आहे. ओसाकाच्या नांबा स्थानकातून गाडीने गोकुराकुबाशी गाठायचं आणि तिथून केबल कारने वर. मठात रात्रीचं जेवण सहाच्या सुमारासच वाढतात, तेव्हा दुपारीच निघा.