मोठ्या माणसांची लस

लस म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पाळण्यातले मूल उभे राहते. त्याच्या लसींचे वेळापत्रक घरोघरी जपून ठेवलेले असते. परंतु दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्प यांवरील लस टोचून झाली, की गरोदर स्त्रिया सोडल्या तर प्रौढ माणसाला तिची आठवण देणारे कोणी उरत नाही.

भिलाईसारख्या गावी याचा अर्थ काय होतो, ते पाहावे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि कामासाठी देशाच्या नाना भागांतून माणसे येथे येऊन वसली. पोलादाच्या गावात हातापायाला जखम होणे ही नवलाची गोष्ट नव्हे. धनुर्वात गंजामुळे होतो, अशी समजूत आहे. वस्तुतः त्याचे जंतू मातीत व शेणात सुप्त राहतात आणि खोल जखमेतून शरीरात शिरतात. बालपणीच्या लसीचे संरक्षण कालांतराने ओसरते. म्हणून दर दहा वर्षांनी एक मात्रा पुन्हा घ्यावी, असा वैद्यकाचा सल्ला आहे. पण पाळी संपवून घरी निघालेला धडधाकट कामगार त्यासाठी इस्पितळात रांग लावील काय? कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मात्र तो या ना त्या कारणाने जातोच.

हेच ओळखून काही देशांनी लस दुकानापर्यंत आणली. पोर्तुगालमध्ये २००७ पासून, तर इंग्लंडमध्ये २०१५ पासून राष्ट्रीय सेवेचा भाग म्हणून, प्रशिक्षित औषधतज्ज्ञ प्रौढांना इन्फ्लुएंझाची लस टोचतात. आपल्याकडे १९४८ च्या फार्मसी कायद्याने नोंदणीकृत औषधतज्ज्ञाला चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याचा अधिकार दिला. लस टोचण्याचा सर्वसाधारण अधिकार मात्र त्याला नाही.

तो द्यावा काय? उत्तर देण्यापूर्वी १९०२ सालची एक घटना स्मरावी. हाफकिन यांची प्लेगप्रतिबंधक लस मुंबईहून पंजाबातील मुल्कोवाल गावी गेली होती. तेथे एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष प्रयोगशाळेवर आला आणि १९०७ पर्यंत हाफकिन यांना तो कलंक वाहावा लागला. पुढे दिसून आले ते असे, की बाटली उघडतेवेळी जमिनीवर पडलेला चिमटा नीट शुद्ध न करताच वापरला गेला होता. लस निर्दोष असूनही टोचणाऱ्याच्या हाती ती घातक ठरू शकते, हा त्यातला धडा होय.

म्हणून अधिकारामागोमाग जबाबदारीही यावयास हवी. लस दोन ते आठ अंश सेल्सियसमध्येच राहिली पाहिजे. धनुर्वाताची लस गोठली तरी निकामी होते. टोचणाऱ्याचे शिक्षण झालेले असावे, टोचल्यावर माणसाला काही वेळ बसवून ठेवावे आणि क्वचित उद्भवणाऱ्या तीव्र प्रतिक्रियेसाठी ॲड्रेनलीन हाताशी असावे. प्रत्येक मात्रेची नोंद व्हावी. जेथे औषधतज्ज्ञाची पाटी भिंतीवर आणि तो स्वतः अन्यत्र, अशी स्थिती असेल, तेथे सुई देणे योग्य नव्हे.

तथापि एक गोष्ट आजही करता येईल. तिला कायद्याची अडचण नाही. मलमपट्टीचे सामान घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला औषधतज्ज्ञाने विचारावे, ‘धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली होती?’ आणि उत्तर आठवेनासे झाले, तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे धाडावे.