पाहुण्यांसाठी बांधलेले घर : भोपाळचा मिंटो हॉल

संस्थानाची श्रीमंती खजिन्यावरून कळते. रीतभात मात्र पाहुण्याची उतरण्याची सोय कशी आहे त्यावरून कळते. भोपाळच्या मिंटो हॉलचा जन्म अशाच एका पाहुणचारातून झाला.

१९०९ साली व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो भोपाळला आले. आज जेथे राज्यपालांचे निवासस्थान आहे, त्या लाल कोठीत त्यांचा मुक्काम होता. तेथील व्यवस्था त्यांना रुचली नाही, असे सांगतात. तेव्हा नवाब सुलतान जहाँ बेगम यांनी थोर पाहुण्यांसाठी स्वतंत्र भवन बांधण्याचे योजिले. १२ नोव्हेंबर १९०९ रोजी लॉर्ड मिंटो यांच्याच हस्ते कोनशिला बसली. काम मात्र दीर्घकाळ रेंगाळले. १९२६ साली गादीवर आलेल्या नवाब हमीदुल्ला खान यांच्या अमदानीत ते तडीस गेले.

या भवनाची घडण समजण्यासाठी मोठ्या तलावाकाठचा गोहर महाल आधी पाहावा. कुदसिया बेगमांनी १८२० साली बांधलेल्या त्या महालाचे दालन चौकाकडे तोंड करून असते. घराचे वैभव घरातल्यांसाठी राखलेले असते. मिंटो हॉलची रीत उलट आहे. उंच खांब, भव्य द्वारमंडप आणि मध्यभागी प्रशस्त सभागृह असा हा युरोपीय थाट. येणाऱ्याने दुरूनच पाहून दबून जावे, हाच त्यातील हेतू. इमारतीचा आकार पंचम जॉर्ज बादशहाच्या मुकुटासारखा आहे, असे म्हणतात. तथापि कोनशिला बसली तेव्हा सातवा एडवर्ड राज्य करीत होता; पंचम जॉर्ज १९१० साली गादीवर आला, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. लोककथा ऐकावी, पण सनावळीशी ताडून पाहावी.

ज्या पाहुण्यांसाठी घर बांधले ते १९४७ साली देश सोडून गेले. घर मात्र ओस पडले नाही. त्यापूर्वीच, १९४६ साली, तेथे महाविद्यालय भरू लागले होते. तेच पुढे हमीदिया महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि राजधानीचा मान भोपाळला मिळाला. नव्या विधानसभेला घर हवे होते; ते येथे लाभले. व्हाइसरॉयसाठी योजिलेल्या दालनात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी चाळीस वर्षे बोलले. १९९६ साली विधानसभा चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या नव्या भवनात गेली.

२०१८ साली या जुन्या वास्तूत परिषदगृह सुरू झाले आणि ती पुन्हा पाहुण्यांच्या सेवेस लागली. २०२१ साली तिला धार येथे जन्मलेले कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव देण्यात आले.

आमच्या गोव्याकडे जुन्या घरांच्या दारापुढे दगडी सोपे असतात; तेथे वाटसरूही टेकतो. वापर आहे तोवर ते दगड गुळगुळीत राहतात. वापर थांबला की त्यांवर शेवाळ चढते. वास्तूंचेही तसेच आहे. मिंटो हॉल टिकला तो दर पिढीने त्याला नवे काम दिले म्हणून. आपल्या गावातील एखादी जुनी इमारत पाडण्याची गोष्ट निघेल, तेव्हा आपण प्रथम हेच विचारावे, की हिला अजून कोणते काम देता येईल?