प्रमाणीकरण करणाऱ्या प्रॉक्सी सर्व्हरमागील वेब सेवेची सुरक्षितता

प्रस्तावना : अंतर्गत गुण, हजेरी, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले बँक खात्यांचे तपशील अशी माहिती हाताळणाऱ्या लहान वेब सेवा महाविद्यालयांत आता रूढ झाल्या आहेत. प्रत्येक सेवेत वापरकर्त्याची ओळख पडताळण्याची सोय स्वतंत्रपणे लिहिणे कष्टाचे आणि चुकांना वाव देणारे असते. म्हणून सेवेपुढे प्रॉक्सी सर्व्हर ठेवून प्रमाणीकरणाचे काम त्याच्याकडे सोपविले जाते. ही रचना कोठे कच्ची राहते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रॉक्सी म्हटले की प्रयोगशाळेतील संगणकांना इंटरनेटवर नेणारा सर्व्हर आठवतो. येथे दिशा उलट आहे. बाहेरून येणारी विनंती प्रथम अपाचे किंवा एनजिनएक्ससारख्या ‘रिव्हर्स प्रॉक्सी’कडे येते आणि ओळख पटल्यावरच मागील सेवेकडे जाते. ओळख न पटल्यास पहिल्या प्रकारचा प्रॉक्सी ४०७ हा संकेतांक देतो. दुसरा मूळ सर्व्हरच्या भूमिकेत असल्याने ४०१ देतो. ‘बेसिक’ पद्धतीत पासवर्ड केवळ बेस-६४ रूपात पाठविला जातो. हे कूटलेखन नव्हे, ते कोणासही उलगडता येते. त्यामुळे एचटीटीपीएस अनिवार्य ठरते.

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. ओळख पटल्यावर प्रॉक्सी वापरकर्त्याचे नाव एका हेडरमध्ये लिहून पुढे पाठवितो. माहितीचे आलेख दाखविणाऱ्या ग्राफाना या प्रणालीत ही सोय सुरू केल्यास ‘एक्स-वेबऑथ-यूजर’ या हेडरमधील नाव खरे मानले जाते. पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही. ग्राफाना मुळात ३००० क्रमांकाच्या पोर्टवर यंत्राच्या सर्व पत्त्यांवर उपलब्ध असते. फायरवॉलने हे पोर्ट अडविले नसेल, तर आवारातील कोणताही संगणक प्रॉक्सीला वळसा घालून थेट तेथे जाऊ शकतो आणि हेडरमध्ये ‘अ‍ॅडमिन’ लिहून प्रशासक बनू शकतो. पासवर्ड फोडण्याची गरजच उरत नाही! म्हणून दोन्ही एकाच यंत्रावर असल्यास सेवा १२७.०.०.१ या पत्त्यापुरती मर्यादित ठेवावी. वेगळ्या यंत्रांवर असल्यास फायरवॉलने केवळ प्रॉक्सीच्या पत्त्यास प्रवेश द्यावा.

प्रॉक्सीमार्गे आलेली विनंतीही निर्धोक नसते, कारण वापरकर्ता तेच हेडर स्वतः जोडून पाठवू शकतो. प्रॉक्सीने ते दरवेळी पुसून आपले मूल्य लिहिले पाहिजे. येथे एक बारकावा आहे. पायथॉनच्या डब्ल्यूएसजीआय पद्धतीत हेडरच्या नावातील आडव्या रेघेचे अधोरेषेत रूपांतर होते. परिणामी अधोरेषा घालून लिहिलेले बनावट हेडर सेवेपर्यंत पोहोचल्यास खऱ्याशी एकरूप होऊ शकते. एनजिनएक्स अशी हेडरे मुळातच गाळतो; ती गाळणी सोयीसाठी बंद करू नये.

वापरकर्ता कोण, एवढेच प्रॉक्सी सांगतो. एका विषयाच्या प्राध्यापकाने दुसऱ्या विषयाचे गुण बदलावेत की नाही, हे ठरविणे सेवेकडेच राहते.

रचना पूर्ण झाल्यावर आवारातील दुसऱ्या संगणकावरून, बनावट हेडरसह, सेवेच्या पोर्टवर थेट विनंती पाठवून पाहावी. जोडणी नाकारली जाणे हेच येथे अपेक्षित उत्तर होय.