गोंदण : एकदा टोचलं की टोचलं!

सेकंड इयरच्या सुट्टीत मी एका जत्रेत हातावर टॅटू काढून घेतला. 'आई' एवढी दोनच अक्षरं, दहा मिनिटांचं काम. माझ्या आधीच्या पोराच्या हातावर जी सुई चालली, तीच माझ्याही हातावर चालली. तेव्हा हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

तीन महिन्यांनी आत्याचं ऑपरेशन निघालं. रक्त लागणार होतं. मी मोठ्या ऐटीत बाही वर केली, तर रक्तपेढीतल्या ताईंनी विचारलं, "हे कधी काढलं?" मी सांगितलं आणि त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला. टॅटू काढल्यापासून १२ महिने रक्त देता येत नाही! शेवटी चुलतभावानं दिलं. 'आई' लिहिलेला हात आत्याच्या कामी आला नाही, हे मनाला फार लागलं. म्हणून हा लेख.

घरी आल्यावर आजीला हे सगळं सांगितलं. आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात. आजी हसली आणि तिनं आपला हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवे ठिपके, एक विंचू, एक तुळशीवृंदावन. "तुले तं मशीननं टोचलं रे. मले दोघीजणींनी धरून ठेवलं होतं! आठ-नऊ वर्साची असंन मी."

तेव्हा गोंदणारी बाई गावोगाव फिरायची. दिव्याची काजळी धरायची, ती पाल्याच्या रसात कालवायची, तीन-चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधायच्या आणि ठिपक्याला ठिपका जोडत टोचत जायचं. वरून हळद आणि तेल. मजुरी म्हणून पसाभर जवारी. आठवडाभर हात सुजलेला. "सोनं-नाणं इथंच राह्यते, गोंदण तेवढं संगं येते," असं तेव्हाच्या बाया म्हणायच्या. आमच्याच तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत गेलात, तर देशभरातून आलेल्या बंजारा समाजातल्या म्हाताऱ्या बायांचे हात जरा निरखून बघा. कितीतरी जणींच्या हातांवर असंच हिरवं गोंदण दिसेल.

आता आपल्या ब्रँचचा विषय. टॅटूच्या मशीनचा पूर्वज कोण, माहीत आहे? एडिसनचा इलेक्ट्रिक पेन! १८७६ साली त्यानं एका पेनाचं पेटंट घेतलं. छोटी मोटर सुई वरखाली नाचवायची, कागदाला बारीक भोकं पडायची आणि त्या कागदावरून शाई फिरवून एका पत्राच्या अनेक प्रती काढता यायच्या. झेरॉक्सचा पणजोबाच म्हणा ना. १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायली या टॅटूवाल्यानं त्याच तत्त्वावर टॅटूच्या मशीनचं पेटंट घेतलं. कागदाच्या जागी कातडी आली, एवढाच फरक!

पण खरा प्रश्न पुढचा आहे. आपली वरची कातडी साधारण महिनाभरात झडून नवी येते. मग आजीचं गोंदण सत्तर वर्षं कसं टिकलं?

कारण सुई त्या वरच्या थराच्या खाली जाते, एक-दोन मिलिमीटर खोल. तिथे काजळीचे कण पडले की शरीराला वाटतं, शत्रू आला. लगेच पांढऱ्या पेशींपैकी 'मॅक्रोफेज' नावाच्या पेशी धावत येतात आणि ते कण गिळून टाकतात. पण कार्बन त्यांना पचत नाही. पोटात काजळी घेऊन त्या तिथेच बसून राहतात. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्से इथल्या शास्त्रज्ञांनी उंदराच्या शेपटीवर टॅटू काढून पुढची गंमत दाखवली. ही पेशी मेली की कण मोकळे होतात आणि शेजारची नवी पेशी ते परत गिळते. म्हणून नक्षी जागच्या जागी राहते.

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर आपण गोंदणाला रॉम समजतो, पण ते आहे डीरॅम. सारखं रिफ्रेश होतं म्हणून टिकतं! या देवाणघेवाणीत काही कण थोडे सरकतात, काही लसीकाग्रंथींकडे वाहून जातात. त्यामुळेच आजीच्या विंचवाच्या नांग्या आता पुसट झाल्यात.

आणि काजळी काळी, मग गोंदण हिरवं का? कण कातडीच्या आत आहेत. वरून येणाऱ्या प्रकाशातला निळ्या बाजूचा भाग कातडीतच जास्त विखुरतो आणि आपल्या डोळ्याकडे परततो. लाल भाग खोलवर जातो आणि काजळी तो शोषून घेते. म्हणून काळं असूनही निळं-हिरवं दिसतं. मनगटावरच्या शिरा निळसर दिसतात, त्यातही या विखुरण्याचा वाटा आहे.

गोंदवून घेणं तासाभराचं, सोबत राहणं मात्र जन्माचं. थायलंडमध्ये 'साक यांत' नावाचं पारंपरिक गोंदण आहे. बौद्ध भिक्खू किंवा 'अजान' म्हणजे गुरू लांब सळईनं मंत्र म्हणत ते टोचतात. नंतर खोटं बोलू नको, चोरी करू नको असे नियम देतात. ते मोडले तर गोंदणाची शक्ती जाते, अशी तिथली श्रद्धा. श्रद्धा बाजूला ठेवा, पण टोचून झाल्यावर जबाबदारी सुरू होते, ही गोष्ट त्यांना बरोबर कळली.

आमच्या आत्याचंच बघा. तिच्या कपाळावर गोंदणाचा ठिपका आहे. लग्न होऊन ती पुण्याला गेली, तर शेजारणी 'गावाकडची' म्हणून हसायच्या. तिनं मोठी टिकली लावून तो झाकायला सुरुवात केली. आज त्याच पुण्यात पोरं-पोरी हजारो रुपये मोजून टॅटू काढतात!

म्हणून मित्रांनो, काढायचाच असेल तर एवढं लक्षात ठेवा. सुई नवी, आपल्या समोर पाकीट फोडलेली हवी आणि शाईची वाटीसुद्धा प्रत्येकाला वेगळी. नाहीतर हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्ही अंगात शिरू शकतो. वर्षभर रक्तदान बंद. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांनी तर आधी जाहिरात नीट वाचावी. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढ्याच जागी कायमचं गोंदण चालतं. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. आणि "नंतर लेझरनं काढू" म्हणाल, तर लेझर त्या कणांचा फक्त चुरा करतो, तो वाहून न्यायचं काम शरीरालाच करावं लागतं. त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतरानं अनेक बैठका लागतात, आणि तरी थोडी खूण राहू शकते.

हे सगळं वाचून मी आत्याला फोन केला. म्हटलं, "तुझा ठिपका काढायचा का लेझरनं?"

"राहू दे रे," आत्या म्हणाली. "मायनं मांडीवर घेऊन गोंदवला होता."

मीही जत्रेतल्या त्या सुईच्या धास्तीनं रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट नॉर्मल आहेत. या महिन्यात माझे बारा महिने पूर्ण होतात. कॉलेजच्या पुढच्या रक्तदान शिबिरात पहिला नंबर माझा. तुम्हीपण या!